सगळं हिरवं दिसतंय तेव्हा

सर्व्हर सांभाळणाऱ्या प्रत्येकाकडे एक फोल्डर असतो. नाव साधंच, ‘स्क्रिप्ट्स’ नाहीतर ‘टूल्स’, आणि आतल्या फायलींची नावं वाचली की हा माणूस एरवी नीटनेटका असेल यावर विश्वास बसत नाही. ‘चेक’, ‘चेक-नवीन’, ‘चेक-नवीन-२’, ‘डिस्क-तात्पुरती’. यातली तात्पुरती म्हणून लिहिलेलीच सगळ्यांत जास्त वर्षं चालते, हे या कामातलं उघड गुपित. दहा-पंधरा ओळींच्या या स्क्रिप्ट्स कुणी कुणाला रीतसर शिकवत नाही. त्या एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर जातात, जाता जाता एखादी ओळ वाढते, एखादी गळते, आणि ही मुळात लिहिली कुणी हे विचारायला जावं तर लिहिणारा नोकरी सोडून केव्हाच गेलेला असतो.

हा फोल्डर चाळताना माझ्या डोक्यात त्याचे दोन ढीग पडतात. एका ढिगात काय घडलं ते सांगणाऱ्या स्क्रिप्ट्स: कुठून किती रिक्वेस्ट आल्या, कोणतं पान रखडलं, कोण चुकीचे पासवर्ड मारत बसलंय. दुसरा ढीग अगदी लहान. जे घडायला हवं होतं ते घडलंच नाही, हे सांगणाऱ्या स्क्रिप्ट्स त्यात आहेत. पहिल्या प्रकारच्या लिहायला मजा येते, चारचौघांत दाखवता येतात. दुसऱ्या प्रकारच्या रटाळ असतात आणि बहुतेक दिवस त्यांच्याकडे बोलण्यासारखं काही नसतं. तरी इतकी वर्षं या कामात घालवल्यावर माझं मत झालंय की मॉनिटरिंगचा खरा कस त्या दुसऱ्या ढिगात लागतो. बिघडलेली गोष्ट आरडाओरडा करते. बंद पडलेली गोष्ट गप्प बसते, आणि ते गप्प बसणं डॅशबोर्डवर हिरवं दिसतं.

पहिल्या ढिगाला कमी लेखायचं मात्र कारण नाही. अॅक्सेस लॉगवर, म्हणजे सर्व्हरवर आलेल्या प्रत्येक रिक्वेस्टच्या नोंदवहीवर, चालवायची ती एक ओळ घ्या. ऑकने प्रत्येक ओळीतला पहिला रकाना उचलायचा, सॉर्टने क्रम लावायचा, युनिकने एकसारखे मोजायचे, पुन्हा सॉर्टने मोठा आकडा वर आणायचा आणि हेडने वरचे दहा दाखवायचे. सर्व्हरवर सगळ्यांत जास्त कोण येऊन धडकतंय याची यादी काही सेकंदांत समोर. पहिल्याच्या जागी सातवा रकाना टाकला की कोणत्या पत्त्यावर गर्दी आहे ते कळतं, नववा टाकला की दोनशे (ठीक) किती, चारशेचार (पान सापडलं नाही) किती, पाचशे (सर्व्हरची चूक) किती. ऑक बेल लॅब्जमध्ये १९७७ साली लिहिलं गेलं. लॉगच्या ओळीची ही ठेवण नव्वदच्या दशकातल्या एनसीएसए या अमेरिकन संशोधन केंद्राच्या वेब सर्व्हरपासून चालत आलेली. मधल्या काळात वेबचं सगळं रूप पालटलं, पण ही ओळ आजही जशीच्या तशी चालते. डॅशबोर्ड उघडून त्यातलं पॅनेल लोड होईपर्यंत माझं या ओळीवर काम झालेलं असतं. एखाद्या नव्या माणसाला सर्व्हरचं काम शिकवायचं झालं तर मी डॅशबोर्डच्या आधी हेच शिकवीन.

तरी या लॉगचा एक स्वभाव ओळखून असावं लागतं. जे आले त्यांचीच नोंद यात होते. डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी व्यवस्था) चुकलं म्हणून, मधला फायरवॉल आडवा आला म्हणून, साइटची ओळख पटवणाऱ्या सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून जे दारापर्यंत पोहोचलेच नाहीत, त्यांच्याबद्दल लॉगमध्ये अक्षर नसतं. लॉग स्वच्छ, चुका शून्य, आणि बाहेर लोक तळतळत बसलेत, असं चित्र अगदी शक्य आहे. त्यातल्या त्यात एन्जिनएक्स या वेब सर्व्हरचा ४९९ हा कोड मला आवडतो. तो कोणत्याही प्रमाणित यादीत नाही, एन्जिनएक्सने आपल्या सोयीसाठी ठेवलेला आहे. उत्तर तयार व्हायच्या आत समोरच्याने कनेक्शन तोडलं की लॉगमध्ये ४९९ उमटतो. म्हणजे कंटाळून निघून गेलेला माणूस. पुष्कळ लोक डॅशबोर्ड बनवताना ४०० ते ४९९ हे सगळं ‘वापरणाऱ्याची चूक’ म्हणून एका गाठोड्यात बांधतात आणि फक्त पाचशेवाल्यांवर अलर्ट लावतात. मग डेटाबेस रखडतो, पानं वीस-वीस सेकंद घेतात, लोक वाट पाहून निघून जातात, आणि पाचशेचा ग्राफ शांत. ४९९ वेगळा काढून त्याचा स्वतंत्र ग्राफ लावण्याइतका स्वस्त आणि उपयोगी बदल माझ्या माहितीत दुसरा नाही.

याच्याच जोडीने लॉगमध्ये वेळ लिहायला सांगणं. नेहमीच्या ‘कंबाइंड’ ठेवणीत रिक्वेस्टला किती वेळ लागला ते येतच नाही. कॉन्फिगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या सेटिंग्जच्या फायलीत, लॉगची ठेवण स्वतः लिहून त्यात दोन आकडे घालावे लागतात: एक रिक्वेस्टचा एकूण वेळ, दुसरा मागच्या अॅप्लिकेशनने उत्तर द्यायला घेतलेला वेळ. दोन्ही शेजारी शेजारी असले की ‘साइट स्लो आहे’ या तक्रारीचं अर्धं उत्तर तिथेच मिळतं. दोन्ही मोठे असतील तर दोष मागे. पहिला मोठा आणि दुसरा छोटा असेल तर बहुधा समोरच्याचं नेटवर्क हळू.

आता कॉन्फिगकडे वळतो, कारण गप्प बसण्याची खरी कला तिथे बघायला मिळते. एन्जिनएक्स इगोर सिसोएव यांनी २००२च्या सुमारास लिहायला घेतला आणि २००४ साली खुला केला. एका मशीनवर एकाच वेळी हजारो कनेक्शन कशी पेलायची हा त्या काळातला गाजलेला प्रश्न होता, आणि तो त्याने फार छान सोडवला. पण त्याची कॉन्फिग वाचताना ती प्रोग्रॅमसारखी वरून खाली चालते असं वाटतं, आणि ती तशी चालत नाही. यातला माझा नावडता, म्हणजे खरं तर बघायला फार आवडता, प्रकार म्हणजे हेडरचा, म्हणजे पानासोबत ब्राउझरला जाणाऱ्या सूचनांचा, वारसा.

समजा वरच्या पातळीवर, म्हणजे ‘सर्व्हर’च्या कंसात, सुरक्षिततेची चार-पाच हेडर्स लिहिली आहेत. ब्राउझरने साइट कायम एचटीटीपीएसवरच उघडावी, दुसऱ्याने आपलं पान त्याच्या फ्रेममध्ये घेऊ नये, वगैरे. सगळं तपासलं, मस्त चाललंय. सहा महिन्यांनी कुणीतरी चित्रांच्या ‘लोकेशन’मध्ये, म्हणजे फक्त त्या पत्त्यांसाठीच्या आतल्या कंसात, कॅशसाठी (ब्राउझरने चित्र जवळ साठवून ठेवावं म्हणून) एक हेडर घालतो. एकच ओळ. ‘अॅड हेडर’ या सूचनेचा मूळ नियम असा की खालच्या पातळीवर ती एकदाही आली तर वरच्या पातळीवरची सगळी हेडर्स तिथे लागू होत नाहीत. जोड होत नाही, बदली होते. म्हणजे त्या एका ओळीने त्या लोकेशनपुरती सुरक्षिततेची सगळी हेडर्स उडाली. कॉन्फिग तपासण्याची कमांड चालवा, ती म्हणते सिंटॅक्स ठीक आहे. खरंच ठीक आहे. रीलोड करा, म्हणजे चालू सर्व्हरला नवी कॉन्फिग वाचायला लावा, होतो. लॉगमध्ये काही नाही. पान दिसतं तसंच दिसतं. उद्या कुणी तसाच बदल अख्ख्या साइटच्या लोकेशनमध्ये केला तरी हीच शांतता. याच सूचनेला ‘ऑलवेज’ हा शब्द जोडला नसेल तर चारशेचार किंवा पाचशेच्या पानांवर हेडर जात नाही, तीही एक गंमत.

हे पकडायला कॉन्फिग वाचून उपयोग नाही. बाहेरून, कर्ल या पानं मागवणाऱ्या कमांडने, तीन-चार ठरलेल्या पत्त्यांची हेडर्स मागवायची आणि जी असायलाच हवीत ती आहेत का ते शब्द शोधणाऱ्या ग्रेपने बघायचं, नसतील तर स्क्रिप्टने शून्याऐवजी वेगळा एक्झिट कोड (संपताना दिलेला निकालाचा आकडा, शून्य म्हणजे ठीक) द्यायचा. आठ ओळींची स्क्रिप्ट. दुसऱ्या ढिगातली. वर्षातले बहुतेक दिवस ती काहीही बोलत नाही.

कर्लवरून आठवलं. कर्लने एखादा पत्ता मागवला आणि सर्व्हरने पाचशेचं पान परत दिलं, तर कर्लच्या दृष्टीने काम फत्ते झालं. पान आलं ना? एक्झिट कोड शून्य. ‘साइट चालू आहे का’ हे तपासणाऱ्या कितीतरी स्क्रिप्ट्स याच भरवशावर निवांत असतात. ‘फेल’ हा पर्याय देऊन सांगावं लागतं की बाबा, चारशे आणि त्यापुढचं काही आलं तर ते अपयश समज. मग तो २२ हा कोड देतो. आणि तरीसुद्धा पान दोनशे कोड घेऊन रिकामं आलं तर त्यात तुमचा एखादा ओळखीचा शब्द आहे का, ते तुम्हालाच शोधावं लागतं.

रीलोडचंही असंच. चालू असलेल्या एन्जिनएक्सला नुसता हप सिग्नल (कॉन्फिग पुन्हा वाच, असा इशारा) पाठवला आणि कॉन्फिगमध्ये चूक असली, तर तो शहाण्यासारखा जुन्याच कॉन्फिगवर चालू राहतो आणि एरर लॉगमध्ये एक ओळ टाकतो. वागणूक अगदी योग्य. पण मोडकी फाइल डिस्कवर तशीच पडून राहते, आणि काही महिन्यांनी मशीन रीबूट होतं तेव्हा तो उठतच नाही. त्या वेळी शोध सुरू होतो आजच्या बदलांचा, आणि दोष असतो पावणेदोनशे दिवसांपूर्वीचा. म्हणून रीलोडच्या आधी तपासणी, दोन्ही एका कमांडमध्ये ‘आणि’ने जोडून, ही सवय हाताला लागलेली बरी. अपाची हा दुसरा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनाही हेच लागू, फक्त कमांडचं नाव वेगळं. अपाचीची फोल्डरपुरती सेटिंग्ज ठेवणारी एचटीअॅक्सेस फाइल मात्र रीलोडसुद्धा मागत नाही. ती प्रत्येक रिक्वेस्टला, वाटेतल्या प्रत्येक फोल्डरमध्ये शोधली जाते. सोयीची आहे, पण माझ्या हातात असेल तिथे मी ती बंद करून सगळं मुख्य कॉन्फिगमध्ये आणतो.

पण गप्प बसण्यात सगळ्यांचा गुरू शोभेल असा एकच, क्रॉन. १९७९च्या युनिक्समध्येही तो होता. आज बहुतेक लिनक्सवर जो चालतो त्याचं घराणं पॉल विक्सी यांनी १९८७ साली लिहिलेल्या क्रॉनपर्यंत जातं. ठरल्या वेळी ठरलेलं काम करणं एवढंच त्याचं व्रत, आणि ते तो चोख पाळतो. अडचण अशी की तुम्ही हाताने चालवून बघितलेली स्क्रिप्ट आणि क्रॉनने चालवलेली स्क्रिप्ट वेगवेगळ्या जगात चालतात. क्रॉनचा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, बहुतेक ठिकाणी दोनच फोल्डरांचा असतो, त्यामुळे तुमच्या टर्मिनलला सापडणारी कमांड त्याला सापडत नाही. क्रॉनटॅबच्या, म्हणजे क्रॉनच्या कामांच्या यादीच्या, ओळीत टक्क्याचं चिन्ह आलं तर तो तिथे ओळ तोडतो, म्हणून फाइलच्या नावात तारीख घालणारी साळसूद दिसणारी कमांड अर्ध्यातच तुटते. तारीख आणि वार दोन्ही दिले तर दोन्ही जुळल्यावर नव्हे, कोणतंही एक जुळलं तरी काम चालतं. तेरा तारीख आणि शुक्रवार असं लिहिणाऱ्याला दर तेरा तारखेला आणि शिवाय दर शुक्रवारी फळ मिळतं.

बिघडल्यावर क्रॉन काय करतो? मेल पाठवतो. ज्या मशीनवर मेलची काही सोयच नाही त्या मशीनवरसुद्धा तो इमानेइतबारे मेल पाठवतो, आणि ती एक तर रूटच्या (मशीनच्या मुख्य खात्याच्या) डबीत साचत राहते नाहीतर हवेत विरते. हे फक्त हौशी लोकांच्या बाबतीत होतं असं कुणी समजू नये. लोकांचा कोड सांभाळणाऱ्या गिटलॅब कंपनीने ३१ जानेवारी २०१७च्या घटनेचा अहवाल स्वतःहून सविस्तर प्रसिद्ध केला होता. एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच्याच सर्व्हरवर डेटाची डिरेक्टरी पुसली, आणि बॅकअप शोधायला गेल्यावर कळलं की रोजचा बॅकअप होतच नव्हता. डेटाबेस पोस्टग्रेसच्या ९.६ आवृत्तीवर, बॅकअप घेणारं टूल ९.२चं, ते चूक देऊन थांबत होतं. चुकीची मेलही जात होती. पण ती मेल डीमार्कच्या (मेल पाठवणारा खरा आहे का हे तपासण्याच्या) नियमांत बसत नव्हती म्हणून घेणाऱ्या बाजूला नाकारली जात होती. सुदैवाने कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेला स्नॅपशॉट (डेटाची त्या क्षणाची प्रत) हाताशी होता, म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटावर निभावलं. मला या अहवालात पुसण्याच्या कमांडपेक्षा ती नाकारलेली मेल जास्त घाबरवते. बोटाची चूक कुणाचीही होईल. तक्रार करायची व्यवस्था होती, ती तक्रार करतही होती, आणि तरी ऐकणारं कुणी नव्हतं.

बॅकअपच्या स्क्रिप्टचीच एक जवळची खोड सांगतो. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढायचा आणि पाइपने, म्हणजे एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला जोडून, तो दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे द्यायचा, ही सगळीकडे आढळणारी ओळ. शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नियमाने अख्ख्या पाइपलाइनचा निकाल म्हणजे शेवटच्या कमांडचा निकाल. डंप पहिल्याच क्षणी पासवर्ड चुकला म्हणून मेला तरी जीझिपला त्याचं सोयरसुतक नसतं. त्याला आत काहीच मिळालं नाही, त्याने ते काहीच नेटकेपणाने दाबून बसवलं आणि शून्य कोड देऊन तो बाजूला झाला. डिस्कवर आजच्या तारखेची फाइल तयार. ती उघडून कोण बघतं? लिस्ट काढली तर आकार दिसेल: २० बाइट. रिकामं काहीतरी जीझिप केलं की एवढंच उरतं, दहा बाइटचं डोकं, आठ बाइटची शेपूट आणि मध्ये दोन. रोज एक, क्रमवार तारखा, सगळ्या वीस बाइटच्या. स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘पाइपफेल’ लावलं की मधली कुठलीही कमांड पडली तरी पाइपलाइन पडली असं धरलं जातं, आणि शेवटी फाइलचा आकार कालच्या निम्म्याहून कमी असेल तर चूक मानायची एक ओळ घातली की पुष्कळ काम होतं.

तरी हेसुद्धा स्क्रिप्ट चालली तरच. ती चाललीच नाही तर ‘पाइपफेल’ काय करणार? इथे उलट बाजूने विचार करावा लागतो, आणि या सगळ्या फोल्डरमधली मला सगळ्यांत आवडती युक्ती तीच आहे. अपयश कळवू नका, यश कळवा. काम नीट पार पडलं तरच, स्क्रिप्टच्या अगदी शेवटच्या ओळीत, आत्ताची वेळ सेकंदांत एका छोट्या फाइलमध्ये लिहा. आकडे गोळा करणाऱ्या प्रोमिथियसचा नोड एक्स्पोर्टर (मशीनचे आकडे देणारा छोटा प्रोग्रॅम) मशीनवर असेल तर त्यात ‘टेक्स्टफाइल’ नावाचा भाग असतो. ठरलेल्या फोल्डरमध्ये ‘प्रॉम’ शेपटाची फाइल ठेवली की तो ती वाचून पुढे देतो. फाइल थेट त्या फोल्डरमध्ये लिहू नये, कारण अर्धी लिहिलेली असतानाच वाचली जाऊ शकते. शेजारी तात्पुरत्या नावाने लिहून मग एमव्हीने जागेवर सरकवावी. एकाच फाइलसिस्टिमवर हे सरकवणं एका फटक्यात होतं. मग अलर्टचा नियम इतकाच: आत्ताची वेळ वजा शेवटच्या यशाची वेळ सव्वीस तासांहून जास्त असेल तर ओरड. चोवीस ठेवू नये, बॅकअप रोज थोडा पुढेमागे होतोच.

या एका नियमात सगळं मावतं. पाथ चुकला, टक्क्याने ओळ तुटली, क्रॉनच बंद, पासवर्ड बदलला, डिस्क भरली, कुणी क्रॉनटॅब चुकून रिकामा केला. कारण काहीही असो, ती वेळ पुढे सरकली नाही एवढं पुरतं. अपयशाचे प्रकार मोजत बसायची गरजच उरत नाही.

सर्टिफिकेटच्या बाबतीत हाच न्याय. लेट्स एन्क्रिप्टने २०१५च्या डिसेंबरात दार सगळ्यांना खुलं केलं, ९० दिवसांची फुकट सर्टिफिकेट्स द्यायला सुरुवात केली आणि नूतनीकरण यंत्राच्या हाती सोपवायला सगळ्यांना भाग पाडलं. ते उत्तम झालं. पण नवं सर्टिफिकेट डिस्कवर येणं आणि सर्व्हरने ते वापरणं या दोन वेगळ्या घटना आहेत. एन्जिनएक्सने सुरू होताना जुनं मेमरीत घेतलेलं असतं. रीलोड झाला नाही तर मुदत संपली तरी तो तेच पुढे करत राहतो. फायलीची तारीख तपासणारी स्क्रिप्ट म्हणते सगळं ठीक. म्हणून तपासणी बाहेरून करायची: ओपनएसएसएल या कमांडने खरंखुरं कनेक्शन जोडून समोर आलेल्या सर्टिफिकेटची मुदत बघायची. त्यात ‘चेकएंड’ हा पर्याय आहे, सेकंद द्यायचे, तेवढ्यात मुदत संपणार असेल तर एक्झिट कोड बदलतो. सात दिवस म्हणजे ६०४८००. मुदत संपत आल्याची आठवण करून देणाऱ्या मेल लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून बंद केल्या, आणि सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था व ब्राउझर बनवणारे यांच्या सीए-ब्राउझर फोरमच्या एप्रिल २०२५च्या ठरावानुसार १५ मार्च २०२९ पासून कोणत्याही सार्वजनिक सर्टिफिकेटची मुदत जास्तीत जास्त ४७ दिवसच असेल. वर्षातून एकदा कॅलेंडरवर खूण करून हाताने बदलणाऱ्यांचे दिवस संपले.

डिस्कबद्दल थोडक्यात. एकूण जागा सांगणारा डीएफ म्हणतो भरली, फायलींची बेरीज करणारा डीयू म्हणतो अर्धी रिकामी, असा वाद दिसला की कुणीतरी पुसलेली लॉग फाइल एखादी प्रोसेस अजून उघडी धरून बसली आहे असं समजावं; एलएसओएफ तिचं नाव सांगतो. आणि जागा भरपूर असूनही फाइल बनत नसेल तर आयनोड (फायलींच्या नोंदींच्या जागा) संपलेत का बघावं. दोन्हींचं कारण नेहमीच्या डिस्कच्या ग्राफवर दिसत नाही.

आता डॅशबोर्ड. वेबवरून लांबची वस्तू बघत बसण्याचा इतिहास मोठा गमतीशीर आहे. केंब्रिज विद्यापीठाच्या कॉम्प्युटर लॅबोरेटरीत १९९१ साली काही जणांनी कॉफीच्या भांड्यावर कॅमेरा लावला, कारण जिने चढून जावं आणि भांडं रिकामं असावं हे त्यांना परवडत नव्हतं. १२८ बाय १२८ ठिपक्यांचं करडं चित्र. १९९३ साली ते वेबवर आलं आणि २००१ पर्यंत जगभरातून लोक ते भांडं बघत होते. माझ्या मते तो आजवरचा सर्वोत्तम डॅशबोर्ड आहे. एकच प्रश्न, एकच उत्तर, आणि उत्तर बघून माणूस उठायचं की बसायचं ते ठरवतो. आपल्या चाळीस पॅनेलांच्या डॅशबोर्डला ही कसोटी लावली तर तीस पॅनेलं काढून टाकावी लागतील. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावरचे ते काटे असलेले गोल मीटर तर निव्वळ पाहुण्यांसाठी असतात.

आलेखांची परंपरा टोबियास ओटिकर यांच्या एमआरटीजी या नेटवर्कचे आलेख काढणाऱ्या टूलपासून धरावी. १९९४ साली त्यांच्या संस्थेला बाहेरच्या जगाशी जोडणारी ६४ किलोबिटची एकच लाइन होती आणि ती कोण खातंय ते त्यांना बघायचं होतं. पुढे १९९९ साली त्यांनीच आकडे साठवणारं आरआरडीटूल आणलं. त्यातली फाइल कधी वाढत नाही. जुने आकडे सरासरी काढून दाबले जातात. जागा वाचते, पण गेल्या वर्षीचा दोन मिनिटांचा सुळका दिवसाच्या सरासरीत सपाट होऊन जातो. त्याच वर्षी आलेल्या आणि पुढे नॅगिऑस म्हणून नावारूपाला आलेल्या प्रणालीने तपासणीचे निकाल चार ठरवले: शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे गंभीर, आणि तीन म्हणजे माहीत नाही. हा तीनचा आकडा मला फार प्रामाणिक वाटतो. नंतरच्या कितीतरी चकचकीत टूल्सनी तो सोडून दिला आणि जगाचे हिरवं-लाल असे दोनच भाग केले.

साउंडक्लाउडमध्ये २०१२ साली सुरू झालेल्या प्रोमिथियसने याला वेगळं उत्तर दिलं. तो स्वतः प्रत्येक मशीनच्या दारात जाऊन आकडे घेऊन येतो. दार उघडलं नाही तर ‘अप’ नावाचा आकडा शून्य होतो. म्हणजे मशीन गप्प झालं हेसुद्धा नोंदलं जातं. छानच. पण अलर्टच्या नियमांत पुन्हा तीच मेख आहे. नियम म्हणजे एक प्रश्न: ज्यांच्या चुका पाच टक्क्यांहून जास्त आहेत ते दाखव. कुणी सापडलं तर अलर्ट वाजतो, उत्तर रिकामं आलं तर नाही. आता अॅप्लिकेशनच्या नव्या आवृत्तीत कुणी त्या आकड्याचं नाव बदललं. प्रश्न तोच, पण त्या नावाचं काही उरलंच नाही. उत्तर कायम रिकामं. तो अलर्ट पुन्हा कधीच वाजणार नाही, आणि नियमांच्या यादीत तो हिरवाच दिसत राहील. किंवा समजा लोड बॅलन्सरच्या (आलेल्या रिक्वेस्ट सर्व्हरांत वाटणाऱ्याच्या) गडबडीने ट्रॅफिक पूर्ण थांबलं. चुका शून्य, एकूण शून्य, शून्य भागिले शून्य. प्रोमिथियसमध्ये त्याचं उत्तर ‘संख्या नाही’ असं येतं, आणि जी संख्याच नाही ती पाच टक्क्यांहून मोठी असू शकत नाही. साइटवर चिटपाखरू नाही आणि चुकांचा अलर्ट निवांत. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या अलर्टला एक जोडीदार हवा: ‘अॅब्सेंट’ फंक्शन वापरून, हा आकडाच गायब झाला तर ओरड, आणि या वेळेला एवढ्या रिक्वेस्ट तरी यायलाच हव्यात, आल्या नाहीत तर ओरड.

ग्राफानातही हीच काळजी घ्यावी. टॉर्केल ओडेगार्ड यांनी किबाना ३ या आधीच्या डॅशबोर्डच्या कोडवरून २०१४ साली ते बाहेर आणलं आणि आज डॅशबोर्ड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर तेच येतं. त्यात आकडे नसलेल्या जागी रेघ जोडून घ्यायची एक सोय आहे. ग्राफ देखणा होतो, म्हणून लोक ती लावतात. वीस मिनिटं मॉनिटरिंगच बंद होतं, आणि रेघ मात्र अलीकडून पलीकडे सरळ गेलेली. मी ती सोय काढून टाकतो. भोक असेल तर भोक दिसू दे.

अलर्ट वाढवत नेण्याच्या मी अर्थातच विरोधात आहे. ज्याच्यावर काही करता येत नाही तो अलर्ट पुसावा, पाच मिनिटांत आपोआप निवळणाऱ्याला पाच मिनिटं थांबायला सांगावं. लोड अॅव्हरेज (चालू असलेल्या आणि वाट बघणाऱ्या प्रोसेसची सरासरी) वाढल्याचा अलर्ट मी कित्येक ठिकाणांहून उडवलाय. लिनक्समध्ये डिस्कची वाट बघत अडकलेल्या प्रोसेसही त्यात मोजल्या जातात, त्यामुळे सीपीयू रिकामा असतानाही तो आकडा चढतो आणि नेमकं करायचं काय ते सांगत नाही. पण एक अलर्ट असा ठेवावा जो सतत वाजतच राहतो. अनेक मशीनवर अॅप्लिकेशन्स चालवणारं कूबरनेटीस वापरणाऱ्यांच्या ओळखीच्या प्रोमिथियस संचात तो ‘वॉचडॉग’ या नावाने तयारच मिळतो. त्याची अट कायम खरी असते. तो अलर्ट पोहोचवणाऱ्या अलर्टमॅनेजरमधून निघून, सगळा नेहमीचा रस्ता चालून, बाहेरच्या एका सेवेपर्यंत जातो, आणि ती सेवा फक्त इतकं बघते की तो येतोय ना. रात्रीच्या पहारेकऱ्याची काठी तासातासाला आपटली की घरातले निजून राहतात, आपटायची थांबली की जागे होतात, तसंच हे. प्रोमिथियस पडला, अलर्टमॅनेजर पडला, मेलचा रस्ता तुटला, टोकन संपलं, काहीही झालं तरी काठी थांबते.

नवीन माणूस टीममध्ये आला की पहिल्या आठवड्यात हमखास विचारतो, हा एक अलर्ट कधीचा लाल आहे, बंद करू का? त्याला समजावून सांगावं लागतं. मला तो प्रश्न आवडतो, कारण निदान कुणीतरी अलर्टचं पान वाचतंय हे त्यातून कळतं.

एवढं करूनही ही यंत्रणा खरंच ओरडते का हे बघण्याचा एकच मार्ग मला ठाऊक आहे. निवांत दुपारी, सगळ्यांना आधी सांगून, नोड एक्स्पोर्टर बंद करायचा. चाचणीच्या मशीनवर बॅकअपचा पासवर्ड चुकवायचा. एखाद्या आकड्याचं नाव बदलायचं. आणि घड्याळ लावून बसायचं. पहिल्यांदा हे केलं की बऱ्याच ठिकाणी काहीच वाजत नाही, आणि मग त्या दुपारी भरपूर काम निघतं. काही सहकाऱ्यांना हा उपद्व्याप वाटतो. त्यांचंही चुकत नाही, कारण चालत्या गाड्याला खीळ घालायला कुणाला आवडेल?

आणि ती काठी ऐकणारी बाहेरची सेवा खरंच बाहेर असावी. दुसऱ्या डेटा सेंटरमध्ये, दुसऱ्या नेटवर्कवर, शक्य झालं तर दुसऱ्या कंपनीच्या खात्यावर. पैसे वाचवायला म्हणून ती त्याच मशीनवरच्या एका कोपऱ्यात बसवलेली मी पाहिली आहे, तिच्यासाठी वेगळं पॅनेलही होतं, आणि ते अर्थातच हिरवं होतं.